८५ हजारांची पाटी तीन-चार हजारांवर कशी आली

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात जून उजाडला की एक चौकशी ठरलेली असते. मुलानं किंवा मुलीनं ड्रॉइंगची लोअर, हायर परीक्षा दिलेली असते, मोबाइलवर बोटानं कार्टून काढणं चालू असतं, आणि वडील विचारतात, "पेनानं चित्र काढायचं ते यंत्र कितीला पडतंय ओ? त्यात चांगलं कुठलं?" यंत्र म्हणजे ग्राफिक्स टॅब्लेट, संगणकाला जोडायची पाटी आणि पेन. किंमत सांगून मोकळं होता येतं. चांगलं कुठलं, हे सांगताना मात्र माझी गाडी दरवेळी साठ वर्षं मागे जाते.

१९६४ साली अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशननं एक पाटी तयार केली. लांबी-रुंदी दहा-दहा इंच, पोटात बारीक तारांची जाळी, वायरनं जोडलेलं पेन. किंमत १८ हजार डॉलर. तेव्हा डॉलर ४ रुपये ७६ पैशांना होता, म्हणजे आपले ८५ हजारांच्या वर. तेवढ्यात त्या काळी टिळकवाडीत काय काय आलं असतं, याचा हिशेब जुन्या लोकांनी करावा. ही पाटी चित्रकारांसाठी नव्हतीच. माणसानं हातानं लिहिलेलं, आखलेलं संगणकाला कळावं, एवढ्यासाठी तो खटाटोप होता. पण एक गोष्ट तेव्हा ठरली ती साध्या, बिनपडद्याच्या पाट्यांत आजवर बदललेली नाही: हात टेबलावर आणि रेघ समोरच्या पडद्यावर. नवशिक्यांना पहिले आठ-पंधरा दिवस याचाच त्रास होतो. पेटी वाजवणारा कुठं बोटांकडे बघतो, असं मी त्यांना सांगतो. पटतं, पण रेघ वाकडी यायची ती येतेच.

पुढं १९८३ मध्ये जपानात वॅकॉम कंपनी निघाली, आणि त्याच दशकात तिनं पेनाची वायर काढली. नुसती वायर नाही, बॅटरीसुद्धा. पाटीतली जाळी एक लहर सोडते, पेनातलं तारेचं वेटोळं त्या लहरीवर घुमतं आणि तिला उत्तर देतं. टोक दाबलं की उत्तर किंचित बदलतं, त्यावरून रेघ जाड की बारीक ते ठरतं. पेन हलकं राहतं, चार्ज करावं लागत नाही. या युक्तीचं पेटंट वॅकॉमकडं होतं आणि महागाईचं मोठं कारण तेच.

या सगळ्या काळात बेळगावात काय चाललं होतं? हातानं चित्र काढणाऱ्यांची इथं कधी वाण नव्हती. रवी परांजपे इथलेच, जन्म १९३५ चा, के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली शिकलेले. शिवजयंतीच्या चित्ररथांचे पडदे, दुकानांच्या पाट्या, गणपतीच्या मंडपातले देखावे, सगळं ब्रशवर चालायचं. मग फ्लेक्स आला आणि पेंटरची जागा आमच्यासारख्यांनी घेतली. आम्ही कोरल ड्रॉ उघडून माउसनं ट्रेस करायचो. महाराजांच्या जिरेटोपाची एक कड काढायला रेघेवरचे ठिपके, म्हणजे नोड, ओढून ओढून अर्धा तास. टायपिंगसाठी मराठीला श्रीलिपी, कन्नडला नुडी, आणि मनगटाला बाम. टॅब्लेट घ्यावा असं कुणाला सुचलं नाही, सुचलं असतं तरी परवडलं नसतं. मार्च २०१६ मध्ये कर्नाटक सरकारनं फ्लेक्सवर बंदी घातली. आता ब्रश परत येणार, असं काही जुन्या पेंटरांना वाटलं होतं. तसं फारसं घडलं नाही.

किंमत खऱ्या अर्थानं उतरवली ती चीनमधल्या कंपन्यांनी. शेन्झेनची ह्युऑन २०११ ची, तिच्या बरोबरीनं एक्सपी-पेन, गाओमोन. सुरुवातीला पेटंट आडवं येत होतं, म्हणून यांच्या पेनात बॅटरी असायची. असलं एक पेन मी हौसेनं घेतलं होतं. आत रिमोटचा बारीक सेल, हातात धरलं की मागच्या बाजूला जड. ऐन पत्रिकांच्या सीझनमध्ये सेल संपला आणि मी परत माउसवर. २०१७-१८ च्या सुमारास त्यांचीही बिनबॅटरीची पेनं आली आणि स्वस्त टॅब्लेट कामाचा झाला. म्हणून चौकशीला आलेल्यांना माझा पहिला प्रश्न हाच: पेनात बॅटरी आहे का? असली तर जुना माल आहे, ठेवा परत.

डब्यावर सगळ्यांत ठळक छापलेला असतो तो दाबाचा आकडा, म्हणजे पेनाच्या दाबाच्या किती पायऱ्या पाटी ओळखते तो: २०४८, ८१९२, हल्ली तर १६३८४. हे आकडे दुपटीनं चढतात, कारण मोजणीत एक बिट वाढला की आकडा दुप्पट होतो. २०४८ वरून ८१९२ म्हणजे दोनच बिट. वीस वर्षांच्या चढाओढीत हा आकडा फुगला. शिकणाऱ्याच्या हाताला त्यातला फरक कळत नाही. मला तरी कळत नाही.

फरक पडतो तो जागेचा आणि जोडणीचा. वॅकॉमच्या सगळ्यांत साध्या टॅब्लेटवर चित्राची जागा १५२ बाय ९५ मिलिमीटर आहे, पोस्टकार्डापेक्षा जराशी मोठी. नवशिक्याला पुरते. त्याहून लहान घेतलं तर सगळं काम मनगटावर येतं. जोडणीचं म्हणाल तर खानापूर, निपाणीकडून येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी संगणक नसतो, फोन असतो. तेव्हा डब्यावर अँड्रॉइड लिहिलंय का ते आधी बघावं, सगळेच टॅब्लेट फोनला चालतात असं नाही. फोन उभा धरला तर पाटीचा बहुतेकदा एक पट्टाच कामाला येतो, हेही दुकानदार सांगत नाही. संगणक असेल तर क्रिता हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यासाठी चोरीची सॉफ्टवेअरं शोधत फिरू नये.

मागच्या आठवड्यात एक पोरगी वडिलांबरोबर आली होती. दुकानातल्या टॅब्लेटवर तिनं आधी गणपती काढला. सोंड पडद्याबाहेर गेली. मग ती हसली, पेन उचललं आणि आपलं नाव लिहिलं, वर मराठीत, खाली कन्नडमध्ये. कन्नडमधलं जास्त वळणदार आलं.