बिल्डच्या फाइलींचा ढीग

डिस्क भरल्याचा इशारा आला की आपण आधी फोटो आणि व्हिडिओ चाळत बसतो. प्रोग्रामिंग करणाऱ्यांच्या संगणकावर मात्र खरा ढीग बहुतेकदा कोडच्या शेजारीच असतो, ‘बिल्ड’ किंवा ‘टार्गेट’ नावाच्या फोल्डरमध्ये.

सी किंवा रस्टसारख्या भाषेत लिहिलेला कोड थेट चालत नाही. सीचंच बघा. कंपायलर आधी प्रत्येक सोर्स फाइलची, म्हणजे आपण लिहिलेल्या कोडच्या फाइलची, यंत्राच्या भाषेतली ऑब्जेक्ट फाइल करतो, मग लिंकर त्या सगळ्या जोडून प्रोग्राम तयार करतो. या मधल्या फाइली काम झाल्यावरही मुद्दाम ठेवलेल्या असतात. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये ‘मेक’ हे बिल्ड करून देणारं, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवून घेणारं साधन लिहिलं. सोर्स फाइल शेवटची कधी बदलली आणि तिची ऑब्जेक्ट फाइल कधी बनली, या दोन वेळा ते ताडून पाहतं. ऑब्जेक्ट फाइल नंतरची असेल, तर ती पुन्हा बनवत नाही. हजार फाइलींपैकी एकीत ओळ बदलली, तर तेवढी एकच कंपाइल होते. इतक्या साध्या तुलनेने वाचणारा वेळ मला आजही थक्क करतो.

पण ‘मेक’ला शिळं काय ते कळतं, नको काय ते कळत नाही. सोर्स फाइलचं नाव बदललं तरी जुन्या नावाची ऑब्जेक्ट फाइल तशीच पडून राहते. रस्टमध्ये तर डीबग (चुका शोधण्यासाठीचा) आणि रिलीज (वापरायला द्यायचा) यांचे संच वेगळे, आणि कंपायलरची आवृत्ती बदलली की सगळ्या लायब्ररी, म्हणजे आपण वापरतो तो तयार कोड, नव्याने कंपाइल होतात; जुन्या तिथेच. त्यातही डीबगच्या फाइली फुगतात, कारण यंत्राची कोणती सूचना कोडच्या कोणत्या ओळीतून आली याची नोंद त्यांच्यात असते.

‘मेक क्लीन’ किंवा रस्टसाठी ‘कार्गो क्लीन’ चालवलं की जागा मोकळी होते. पुढचा बिल्ड तेवढा सावकाश होतो. गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन; त्याचं ‘गिट क्लीन’ वापरताना मात्र हात आवरा. त्याला लहान लिपीतला एक्स (-x) हा पर्याय दिला, की गिटला दुर्लक्ष करायला सांगितलेल्या फाइलीही जातात. त्यांत ऑब्जेक्ट फाइली असतात, तशी पासवर्ड लिहून ठेवलेली सेटिंगची फाइलही असू शकते. ऑब्जेक्ट फाइल पुन्हा बनते, पासवर्डची बनत नाही, आणि पुसलेलं कचरापेटीतही सापडत नाही. आधी एन पर्याय जोडून चालवा: काहीही न पुसता काय काय जाणार याची यादी मिळते. तीत आपल्या हाताने लिहिलेली फाइल दिसली, तर ई पर्यायाने ती वगळता येते.