स्टेनलेस नळी की सिरॅमिक लेप: आफ्रिकेतल्या ओल्या शिकारीसाठी रायफल

मोझांबिकमधलं मारोमेऊ, झांबियातली बांगवेउलूची दलदल, कॅमेरूनचं पावसाळी जंगल. अशा ठिकाणी रानम्हशीच्या किंवा सितातुंगा या दलदलीतल्या हरणासारख्या प्राण्याच्या मागावर निघालं की रायफल दिवसचे दिवस पुरती सुकत नाही. दुकानात या प्रवासासाठी दोन वेगळ्या वस्तू ‘ऑल वेदर’ या एकाच नावाने समोर येतात. एकीची नळी आणि ॲक्शन (काडतूस भरण्या-काढण्याची यंत्रणा) स्टेनलेस स्टीलची असते. दुसरीची साध्या क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनम) स्टीलची, बहुधा ४१४० जातीची, आणि तिच्यावर सेराकोटसारखा सिरॅमिक लेप असतो. बाहेरून दोन्ही सारख्याच मंद राखाडी दिसू शकतात. चुंबकाचाही उपयोग नाही, तो दोन्हींना चिकटतो. नळीचं स्टील कोणतं, हे कंपनीच्या तपशीलपत्रकातूनच खात्रीने कळतं.

आधी स्टेनलेसचं पाहू, कारण गैरसमज तिथे जास्त आहेत. आपल्या घरातले चांगले स्टीलचे डबे ३०४ जातीचे असतात, त्यात क्रोमियम १८ टक्के आणि निकेल ८ टक्के. रायफलीच्या नळ्यांसाठी सहसा ४१६आर वापरतात. त्यात क्रोमियम १२-१३ टक्के, निकेल जवळपास नाही, आणि कापकाम सोपं व्हावं म्हणून गंधक मुद्दाम घातलेलं असतं. गंधकाचे सूक्ष्म कण जिथे पृष्ठभागावर येतात, तिथूनच मीठ आत शिरून बारीक खड्डे पाडतं. लोणच्याच्या खारात डबा आणि सुरी दोन्ही ठेवून पाहा. डब्याला काही होत नाही, सुरीवर ठिपके पडतात. नळीचं स्टील सुरीच्या घराण्यातलं आहे. घाम आणि समुद्रावरची हवा त्याला त्रास देतेच, फक्त साध्या पोलादापेक्षा बराच उशिरा.

सेराकोटचा थर साधारण २५ मायक्रॉनचा. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांचा मारा करून धातू खडबडीत करायचा, तेलाचा अंशही राहू द्यायचा नाही, लेप फवारायचा आणि भट्टीत भाजायचा. भट्टीतल्या प्रकाराला साधारण १२० अंश सेल्सियसवर दोन तास लागतात. नीट केलेला हा लेप खाऱ्या पाण्याला उत्तम तोंड देतो. जुन्या ब्लूइंगशी त्याची तुलनाच नको. ब्लूइंग म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि त्यावरचं तेल पुसलं गेलं की संरक्षण संपलं. पण लेप खरवडला गेला, की उघड्या जागी साधं पोलाद असतं आणि गंज तिथून लेपाखाली सरकतो. जीपच्या रॅकवर रोज घासली जाणारी जागा पहिल्यांदा जाते.

तरीही खरा फरक बाहेरच्या अंगाला नाही. लेप नळीच्या आत आणि चेंबरमध्ये देत नाहीत. तिथे २५ मायक्रॉनने मापं बिघडतात. म्हणजे लेपवाल्या रायफलीत गोळी जिथून जाते आणि काडतूस जिथे बसतं, तो भाग उघडाच असतो. बाहेरचा गंज दिसतो आणि पुसता येतो. चेंबरमधला दिसत नाही. तिथे खरबरीतपणा आला की बार उडाल्यावर फुगलेलं पितळी कवच भिंतीला धरून बसतं, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा आणि बाहेर ओढणारा दांडा) जड उघडतो, आणि जखमी म्हशीसमोर दुसरी गोळी वेळेवर भरता येत नाही. म्हणूनच दमट प्रदेशात, मोठ्या जनावरासाठी, निवड स्टेनलेसचीच करावी. त्यावर बाहेरून लेप असेल तर उत्तमच, उन्हातली चकाकीही जाते. वितळलेल्या क्षारांच्या कुंडात नायट्राइड केलेली, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवलेली, क्रोम-मॉली नळी हा आणखी एक चांगला पर्याय आहे, कारण ती प्रक्रिया आतल्या पृष्ठभागावरही होते.

स्टेनलेसचा स्वतःचा एक दोष आहे. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं घासलं की धातू धातूला चिकटून ओरखडे पडतात. बोल्टच्या लगांच्या, म्हणजे तो बंद झाल्यावर अडकून बसणाऱ्या दात्यांच्या, मागच्या बाजूला ग्रीसचा पातळ हात हवा. कालाहारीच्या बारीक वाळूत मात्र बाकी बोल्ट जवळजवळ कोरडा ठेवा. तेलात वाळू मिसळली की तिची धातू झिजवणारी पेस्ट होते.

दोन्ही प्रकारांत फसगत होते ती छोट्या भागांमुळे. फायरिंग पिनची आणि मॅगझिनची स्प्रिंग, दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू, पट्ट्याच्या कड्या, ट्रिगरचे आतले तुकडे ‘स्टेनलेस’ रायफलीतही अनेकदा साध्या पोलादाचे असतात. निघण्यापूर्वी रायफल दस्त्यातून काढा आणि दस्त्याखाली झाकल्या जाणाऱ्या धातूला मेण लावा. दस्ता अक्रोडाचा असेल तर ओलीने फुगतो, नळीवर दाब येतो आणि नेम सरकतो. फायबरग्लास किंवा चांगला लॅमिनेट घ्यावा. पोकळ, लवचिक प्लॅस्टिकचा दस्ता .३७५ (इंचात गोळीचा व्यास) काडतुसाच्या धक्क्यासाठी घेऊ नये.

लेप नंतर करून घेणार असाल तर अनुक्रमांक तपासा. उथळ कोरलेले आकडे लेपाने भरून अस्पष्ट होतात. दक्षिण आफ्रिकेत उतरताना एसएपीएस ५२० या, बंदूक तात्पुरती देशात आणण्याच्या पोलीस अर्जावरचा क्रमांक रायफलीवरच्या क्रमांकाशी पोलीस प्रत्यक्ष ताडून पाहतात. न वाचता येणारा आकडा म्हणजे तिथेच अडकलेली सहल.

काडतुसाचाही विचार याच निवडीत येतो. रूगर या अमेरिकन कंपनीची हॉकआय गाइड गन स्टेनलेस आणि लॅमिनेट दस्त्याची आहे, या कामाला अगदी योग्य, पण ती .३७५ रूगरमध्ये येते. ते काडतूस २००७ चं. १९१२ पासून चालत आलेलं .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) आफ्रिकेतल्या शिकारतळांवर मिळण्याची शक्यता खूप जास्त. काडतुसांची बॅग मागे राहिली तर हा फरक मोठा ठरतो.

मुक्कामी पोचल्यावर पेटी लगेच उघडा. विमानाच्या पोटातून थंड झालेलं लोखंड दमट हवेत पाणी धरतं आणि पेटीतला फोम ते सोडत नाही. बोल्ट काढून पुसा, नळीतून कोरडी चिंधी फिरवा, रायफल रात्री पेटीबाहेर ठेवा. पावसात नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावा. गोळीपुढची हवा ती आधीच उडवते, नेम बदलत नाही. नळीला रात्री तेल लावलं असेल तर सकाळी पुसूनच निघा, कारण तेलकट नळीतली पहिली गोळी ठरलेल्या जागी लागेलच असं नाही.