३६५चा आकडा आणि जांभळी काच

अतिनील टॉर्च घ्यायला गेलं की काळपट जांभळ्या काचेचा फिल्टर हा एक जादा नग म्हणून समोर येतो. हवा असेल तर घ्या, नसेल तर टॉर्च तशीही चालते. इतिहास मात्र बरोबर उलटा आहे. ही काच मुळात दिव्याचाच भाग होती. एलईडी आल्यावर ती गळली, आणि आता ती सुट्या भागाच्या नावाखाली पुन्हा विकली जाते आहे.

जांभळ्याच्या पलीकडेही किरण आहेत हे १८०१ मध्ये कळलं होतं. क्विनाइनच्या द्रावणाची निळी चमक त्याच किरणांमुळे दिसते, हा खुलासा आणि ‘फ्लुअरेसन्स’ हा शब्द १८५२चा. फिल्टरची खरी कथा विसाव्या शतकात सुरू होते. १९०३ मध्ये रॉबर्ट वूड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने दृश्य प्रकाश अडवून फक्त अतिनील पुढे सोडणारे फिल्टर तयार केले, आणि पहिल्या महायुद्धात शत्रूला न दिसणारे इशारे देण्यासाठी ही कल्पना कामाला आली. बेरियम-सोडियम-सिलिकेट काच आणि तिच्यात सुमारे ९ टक्के निकेल ऑक्साइड, अशी ती ‘वूड्स ग्लास’. साधारण ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे दिसणारा प्रकाश सुरू होण्याच्या अलीकडचा पट्टा ती सोडते, बाकीचं बहुतेक सगळं गिळते. १९२५ पासून केसांतली बुरशी ओळखायला त्वचारोगतज्ज्ञ ही काच लावलेला दिवा वापरू लागले.

आता टॉर्चवर लिहिलेल्या ३६५ नॅनोमीटर या आकड्याकडे येऊ, कारण सगळा घोळ त्याच्यापाशी आहे. हा आकडा टॉर्चवाल्यांनी ठरवलेला नाही, तो पाऱ्याचा आहे. पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यातून ठरावीक रेषांमध्ये प्रकाश निघतो. ३६५ नॅनोमीटरची एक जोरकस रेषा आणि तिच्या शेजारी ४०५ची जांभळी, ४३६ची निळी, ५४६ची हिरवी, ५७८च्या आसपासची पिवळी. त्यांतली पहिली ठेवायची आणि बाकीच्या मारायच्या, हे काम जांभळ्या काचेचं. म्हणजे ‘३६५चा दिवा’ म्हणताना जुन्या लोकांच्या बोलण्यात काच गृहीतच असायची. काचेविना तो नुसता पाऱ्याचा दिवा, रस्त्यावरच्या खांबावर असायचा तसला.

‘ब्लॅकलाइट’, म्हणजे अतिनील देणारा दिवा, या शब्दाने गोंधळ आणखी वाढवला. ट्यूबलाइटच्या आकाराचे ब्लॅकलाइट दोन जातींचे निघाले. एकाची नळी काळ्या-जांभळ्या काचेची, दुसऱ्याची साधी पांढरी. दोघांच्याही आत अतिनील देणारी पूड, आणि ‘बीएलबी’ व ‘बीएल’ या नावांतला फरक फक्त शेवटच्या एका अक्षराचा. किडे मारायच्या सापळ्यात पांढरी नळी असते. किड्याला थोडा निळा प्रकाश जास्त दिसला म्हणून तो तक्रार करत नाही, आणि निर्मात्याचा काचेचा खर्च वाचतो. दगड, नोटा किंवा डाग पाहणाऱ्याला मात्र ती नळी काहीच कामाची नाही. तिच्या निळसर उजेडात अंधूक चमक बुडून जाते.

मग एलईडी आला. त्याची चिप ज्याची बनते त्या गॅलियम नायट्राइडमधली ऊर्जेची दरी (बँड-गॅप), म्हणजे जी उतरताना इलेक्ट्रॉन प्रकाश सोडतो ती, सुमारे ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टची, आणि तिचं तरंगलांबीत रूपांतर केलं की उत्तर येतं साधारण ३६५ नॅनोमीटर. पाऱ्याची रेषा आणि हा पदार्थ एकाच आकड्यावर यावेत हा निव्वळ योगायोग, पण व्यापाराला तो फार मानवला. त्यात इंडियम घातलं की तरंगलांबी वाढते आणि चिप बनवणंही सोपं जातं. म्हणून ३९५ची टॉर्च स्वस्त आणि ३६५ची महाग. ३९५ची टॉर्च भिंतीवर मारली की भिंत जांभळी होते, आणि नवखा माणूस त्यालाच अतिनील समजतो. डोळ्याला दिसतंय ते अतिनील नाहीच, हे कुणी सांगत नाही.

एलईडीबरोबर एक समजूत आली, आणि माझ्या मते खरी चूक तिथे झाली: एलईडी एकाच रंगाचा प्रकाश देतो, त्याला शेजारच्या रेषा नसतात, म्हणजे काचेची गरज संपली. शेजारच्या रेषा नसतात हे खरं. पण ३६५ हे फक्त शिखर आहे. शिखराच्या दोन्ही बाजूंना उतार असतो आणि लांब बाजूची शेपटी ४००च्या पुढे जाते. शिवाय चिपच्या स्फटिकातल्या दोषांमुळे हिरवट-पिवळा असा एक फिकट, पसरट प्रकाशही निघतो. मोजमापात तो नगण्य असतो, डोळ्याला नसतो. दिवसाच्या उजेडाला सरावलेला आपला डोळा ५५५ नॅनोमीटरला ४००च्या तुलनेत दोन हजार पटींहून जास्त संवेदनशील आहे. चिमूटभर हिरवा पुरतो.

हे बघायला उपकरण लागत नाही. अंधाऱ्या खोलीत अॅल्युमिनियमच्या फॉइलवर बिनकाचेची ३६५ टॉर्च मारा. फॉइल स्वतः चमकत नाही, नुसती परावर्तन करते, तरी एक फिकट पांढुरका गोळा स्पष्ट दिसतो. तो टॉर्चचा मळ. काच लावा, गोळा जवळजवळ विझतो, गडद जांभळी छटा तेवढी उरते. पांढऱ्या कागदावर ही परीक्षा घेऊ नये. कागदातली उजळवणारी रसायनं दोन्ही वेळा निळी पेटतात आणि फरक झाकून टाकतात.

कारखान्यातल्या तपासणीत हा वाद आधीच पेटला होता. धातूच्या भागातली केसासारखी चीर चमकत्या द्रवाने शोधतात, तिथे दिव्यापासून ३८ सेंटिमीटरवर चौरस सेंटिमीटरला किमान १००० मायक्रोवॅट अतिनील हवं आणि खोलीतला दृश्य उजेड सुमारे २० लक्सच्या आत, असा दंडक रूढ होता. नवे एलईडी दिवे पहिली अट सहज पुरी करत, दुसरीची कटकट दिव्यामधूनच यायची. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका मानक-संस्थेने अशा एलईडी दिव्यांसाठी वेगळं मानक काढलं. त्यात शिखर ३६० ते ३७० मध्ये हवं एवढंच म्हणून ते थांबले नाहीत, पट्ट्याच्या रुंदीवरही मर्यादा घातली. म्हणजे आकडा एकटा पुरत नाही, हे कागदावर मान्य झालं.

हौशी मंडळींपर्यंत ही गोष्ट दगडांच्या मार्गाने आली. २०१७ नंतर उत्तर अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या सरोवराच्या किनाऱ्यावरचे, सोडालाइट या खनिजामुळे नारिंगी पेटणारे गोटे गाजले आणि रात्री टॉर्च घेऊन फिरणारे वाढले. त्यांच्या तोंडी ‘झेडडब्ल्यूबी२’ हे नाव बसलं. ती अतिनील सोडणाऱ्या चिनी काचेचा एक प्रकार आहे आणि नावातली अक्षरं ‘अतिनील काच’ या अर्थाच्या चिनी शब्दांची आद्याक्षरं आहेत. विंचू शोधणाऱ्यांना मात्र काचेची फारशी गरज पडत नाही. विंचू इतका झगझगीत हिरवा पेटतो की स्वस्तातली ३९५ टॉर्चही चालते. त्या ३९५वर ही काच लावू नये, ती टॉर्चचा मोठा भागच गिळून टाकते.

काचेचे तोटेही आहेत. दोन पृष्ठभागांवरच्या परावर्तनातच सुमारे ८ टक्के अतिनील जातं, शोषण वेगळं. या जातीची काच साध्या काचेपेक्षा नाजूक असते, ऊन-थंडाचा झटका सोसत नाही आणि दमट हवेत काही प्रकारांवर धुरकट थर येतो. आणि एक गैरसमज तर धोक्याचा: काच लावल्यावर टॉर्च मंद दिसते म्हणून ती सौम्य झाली असं वाटतं. दिसणारा प्रकाश गेलेला असतो, अतिनील बहुतांश तसंच येत असतं. झोत प्रखर दिसला की माणूस आपोआप डोळे मिटतो, तो इशाराच उरत नाही. अतिनील अडवणारा चष्मा काचेच्या टॉर्चबरोबर जास्त गरजेचा.

शेवटची खोड जुन्या वूड्स ग्लासपासून चालत आलेली आहे. ही काच ४०० ते ७०० अडवते आणि गडद लालपाशी पुन्हा थोडी उघडते. त्यामुळे लाल चमकणारा दगड सापडला, विशेषतः फक्त फोटोत, तर लगेच हुरळून जाऊ नये. शेजारी फॉइलचा तुकडा ठेवून त्याच झोतात दुसरा फोटो काढावा. फॉइलवरही तोच लाल ठिपका आला, तर तो दगडाचा नाही.