हिस्टेरोस्कोपिक शस्त्रक्रिया

पोटावर छेद न घेता, योनिमार्गातून व गर्भाशयमुखातून बारीक दुर्बीण आत नेऊन गर्भाशयाच्या आतल्या बाजूस केलेली शस्त्रक्रिया. बोलीत ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हटले की लॅपरोस्कोपी आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही त्यातच येते, म्हणून ‘टाके किती पडतील?’ हा प्रश्न हमखास येतो. येथे टाका पडतच नाही. लॅपरोस्कोपीत बेंबीपाशी छेद घेऊन गर्भाशय बाहेरून पाहतात, हिस्टेरोस्कोपीत आतून.

पूर्वी सर्रास होणाऱ्या क्युरेटिंगमध्ये डॉक्टर क्युरेट या हत्याराने, हाताच्या अंदाजाने, गर्भाशयाची पिशवी खरवडत. देठावर लोंबणारा पॉलिप (अस्तराची मऊ वाढ) अशा वेळी क्युरेटखालून सहज निसटतो. डॉक्टर पँटालिओनी यांनी १८६९ मध्ये पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होणाऱ्या साठ वर्षांच्या स्त्रीच्या गर्भाशयात नळीतून पाहून पॉलिप शोधला व सिल्व्हर नायट्रेटने जाळला. त्या आधीच्या अंदाजाच्या कामाशी तुलना केली तर ही मोठीच उडी होती. १९७६ मध्ये डॉक्टर न्यूवर्थ यांनी मूत्रविकारांच्या शस्त्रक्रियेतील रिसेक्टोस्कोप (विजेच्या तारेने कापणारी दुर्बीण) वापरून फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूची गाठ) काढल्याचे प्रसिद्ध केले.

गर्भाशयाला पोकळी म्हणतात, पण एरवी तिच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. त्यामुळे काही दिसायचे तर आधी द्रव भरून पिशवी फुगवावी लागते. दाब साधारण ७० ते १०० मिमी पारा. मोनोपोलर विजेने, म्हणजे करंट शरीरातून जाऊन बाहेरच्या पट्टीतून परतेल अशा पद्धतीने, कापायचे असेल तर सलाईन चालत नाही, कारण क्षाराच्या पाण्यात करंट पसरून जातो. मग क्षार नसलेले १.५% ग्लायसीनचे द्रावण घेतात. कापलेल्या शिरांतून ते रक्तात फार शिरले की सोडियम उतरते आणि मेंदूला सूज येऊ शकते. म्हणून आत किती गेले, परत किती आले, हा हिशेब सतत चालू असतो. निरोगी स्त्रीतही ग्लायसीनची तूट १,००० मिली किंवा सलाईनची २,५०० मिली झाली की काम थांबवतात, गाठ अर्धी राहिली तरी. बायपोलर उपकरणे (यांत करंट टोकावरच्या दोन ध्रुवांमध्येच फिरतो) सलाईनमध्ये चालतात, त्यामुळे हा धोका कमी झाला, संपला नाही.

पॉलिप, पोकळीत डोकावणारे फायब्रॉइड आणि जन्मजात पडदा ही नेहमीची कारणे. फायब्रॉइडचा बराचसा भाग स्नायूत रुतलेला असेल तर दोनदा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. पडदा कापताना रक्त फारसे येत नाही. दोन्ही बीजवाहिन्यांची तोंडे एकाच नजरेत दिसू लागली की कात्री थांबवतात. पुढे गेल्यास भिंतीला भोक पडण्याची भीती असते. महिन्याची पाळी संपल्यावर लगेचचे दिवस शस्त्रक्रियेसाठी बरे, कारण तेव्हा अस्तर पातळ असते.

सर्वांत चिवट काम चिकटलेल्या भिंती सोडवण्याचे. जोसेफ अ‍ॅशरमन यांनी १९४८ मध्ये वर्णन केलेला हा विकार बहुतेकदा गर्भपात किंवा बाळंतपणानंतरच्या क्युरेटिंगमुळे होतो. भारतात जननमार्गाचा क्षयरोग हेही एक महत्त्वाचे कारण आहे. क्षयाने अस्तरच नष्ट झाले असेल, तर कात्रीने जागा मोकळी होते, पण पाळी परत येतेच असे नाही.