पेनल्टीवर सुरू झालेला इतिहास : एसीसीच्या महिला फुटबॉल स्पर्धेची पार्श्वभूमी

अमेरिकेतील अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजेच एसीसी, या विद्यापीठांच्या संघटनेने महिला फुटबॉलची स्पर्धा पहिल्यांदा १९८८ साली भरवली. अमेरिकेत या खेळाला सॉकर म्हणतात. त्या वर्षी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा संघ देशात सर्वांत बलाढ्य होता आणि त्याला कोणी हरवेल अशी अपेक्षा फारशी कोणाचीच नव्हती. तरीही पहिले विजेतेपद मिळाले ते शेजारच्याच रॉली शहरातील नॉर्थ कॅरोलायना स्टेट या संघाला. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धचा अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि निकाल पेनल्टी शूटआउटवर लागला. अमेरिकेतील महाविद्यालयीन सॉकरच्या नियमांनुसार शूटआउटने फक्त पुढे जाणारा संघ किंवा विजेता ठरतो. नोंदवहीत सामना बरोबरीतलाच राहतो. त्यामुळे करंडक एका संघाकडे गेला आणि दुसऱ्या संघाची अपराजित वाटचालही अबाधित राहिली. या स्पर्धेची पुढची दीड दशके समजून घ्यायची असतील, तर ही सुरुवात लक्षात ठेवावी लागते.

येथे कॉन्फरन्स या शब्दाचा अर्थ परिषद किंवा संमेलन असा नाही. एकमेकांशी दरवर्षी नियमितपणे खेळण्यासाठी एकत्र आलेल्या विद्यापीठांचा तो गट असतो. आपल्याकडील आंतरविद्यापीठ स्पर्धांतील पश्चिम विभागासारख्या विभागांशी त्याचे थोडेफार साम्य आहे, पण आपल्याकडे विभाग भूगोलाने ठरतो, तर कॉन्फरन्सचे सभासदत्व विद्यापीठे स्वतः स्वीकारतात, सोडतात आणि त्यासाठी करार करतात. एसीसीची स्थापना मे १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरोजवळ सात विद्यापीठांनी केली आणि त्याच वर्षाअखेर व्हर्जिनिया हे आठवे विद्यापीठ तिच्यात आले. हंगामाच्या शेवटी थोड्याच दिवसांची बाद फेरीची स्पर्धा भरवून विजेता ठरवायचा, ही पद्धत या संघटनेत पुरुषांच्या बास्केटबॉलने १९५४ पासूनच रुजवली होती. महिला फुटबॉलला हा साचा तयार मिळाला, पण तो वापरता येण्यासाठी आधी मुलींचे संघ अस्तित्वात यावे लागले, आणि त्यात तीस-पस्तीस वर्षे गेली.

हे संघ निर्माण होण्यामागे खेळाच्या प्रेमाइतकाच कायद्याचा वाटा आहे. जून १९७२ मध्ये मंजूर झालेल्या शिक्षणविषयक कायद्यातील नववे प्रकरण, जे ‘टायटल नाइन’ म्हणून ओळखले जाते, अवघ्या ३७ इंग्रजी शब्दांच्या एका वाक्यात सांगते की, केंद्र सरकारचे पैसे घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगावरून भेदभाव करता येणार नाही. त्या वाक्यात खेळाचा उल्लेख नाही. मात्र विद्यापीठीय क्रीडा हा शिक्षणाचाच भाग मानला गेल्यामुळे त्याचा सर्वांत दृश्य परिणाम मैदानावर झाला. अमेरिकन फुटबॉल या सॉकरहून अगदी वेगळ्या खेळाच्या मोठ्या संघांना ८५ पर्यंत शिष्यवृत्त्या देता येत असत आणि त्या साऱ्या मुलांकडे जात. तो तोल सावरण्यासाठी विद्यापीठांना मुलींसाठी असा खेळ हवा होता, ज्यात एका संघात बऱ्याच खेळाडू सामावतील, साहित्य फार महाग नसेल आणि शाळांतून खेळाडू मिळत राहतील. या तिन्ही गरजा सॉकरने भागवल्या. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी शंभराहूनही कमी असलेली महिला संघांची संख्या आज सर्व स्तरांवर मिळून हजाराच्या घरात पोहोचली आहे.

या कथेतील मध्यवर्ती माणसाचा जन्म मुंबईचा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. अ‍ॅन्सन डोरन्स यांचा जन्म १९५१ साली मुंबईत झाला. वडील तेल-उद्योगात असल्यामुळे त्यांचे बालपण आफ्रिका, आशिया आणि युरोपातील निरनिराळ्या देशांत गेले. सॉकर हा तेव्हा अमेरिकेत परका खेळ होता, पण जगभर फिरलेल्या या मुलाला तो परका नव्हता. चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ते आधी खेळाडू होते, नंतर पुरुष संघाचे प्रशिक्षक झाले आणि १९७९ मध्ये त्यांनी महिलांचा संघ उभा केला. त्या काळी महिलांचे विद्यापीठीय खेळ एआयएडब्ल्यू नावाची स्वतंत्र संघटना सांभाळत असे. तिने १९८१ मध्ये चॅपेल हिललाच पहिली राष्ट्रीय महिला सॉकर स्पर्धा घेतली आणि अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाने सेंट्रल फ्लोरिडावर १–० अशी मात केली. पुढल्याच वर्षी एनसीएए या विद्यापीठीय क्रीडेच्या बलाढ्य संघटनेने महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली, तेव्हा याच दोन संघांमधील अंतिम सामना नॉर्थ कॅरोलायनाने २–० असा जिंकला. म्हणजे क्रम उलटा आहे : राष्ट्रीय विजेतेपद आधी आले आणि कॉन्फरन्सची स्पर्धा त्यानंतर सहा वर्षांनी. आपल्या परिसरात सातत्याने लढत देतील असे संघच तोवर पुरेसे नव्हते.

१९८८चा तो निकाल म्हणूनच महत्त्वाचा. त्याच वर्षी राष्ट्रीय अंतिम फेरीत हेच दोन शेजारी पुन्हा समोरासमोर आले आणि या वेळी नॉर्थ कॅरोलायनाने ४–१ असा स्पष्ट विजय मिळवला. नॉर्थ कॅरोलायना स्टेटला कॉन्फरन्सचे विजेतेपद त्यानंतर पुन्हा मिळालेले नाही. १९८९ पासून २००३ पर्यंत सलग पंधरा वर्षे ते चॅपेल हिललाच राहिले.

मिया हॅम, क्रिस्टीन लिली, टिशा व्हेंच्युरिनी, सिंडी पार्लो ही नॉर्थ कॅरोलायनाच्या खेळाडूंची नावे या काळातली. डोरन्स १९८६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाचेही प्रशिक्षक होते आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये चीनमध्ये झालेला पहिला महिला विश्वचषक त्या संघाने नॉर्वेला २–१ असे हरवून जिंकला, तेव्हा त्यातील निम्म्या खेळाडू नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून घडलेल्या होत्या. १९९२चा राष्ट्रीय अंतिम सामना नॉर्थ कॅरोलायना आणि ड्यूक या एसीसीच्याच दोन संघांत झाला आणि निकाल होता ९–१. इतक्या एकतर्फी काळाला स्पर्धेचा इतिहास म्हणावे का, असा प्रश्न रास्त आहे. माझे मत असे की म्हणावेच, कारण दरवर्षी अशा संघाला सामोरे जावे लागल्यानेच ड्यूक, व्हर्जिनिया, मेरीलँड या संघांना आपली पातळी उंचावावी लागली. १९९४ मध्ये ड्यूकने नॉर्थ कॅरोलायनाला ३–२ असे हरवून शंभराहून अधिक सामन्यांची अपराजित मालिका खंडित केली, हा त्याचाच पुरावा. चॅपेल हिल आणि ड्यूकचे डरहॅम यांत जेमतेम अर्ध्या तासाचे अंतर आहे. हा पराभव घराजवळच्याच प्रतिस्पर्ध्याकडून आला.

दरम्यान नवे संघही उभे राहत होते. क्लेम्सनने १९९४ मध्ये आणि फ्लोरिडा स्टेटने १९९५ मध्ये महिला सॉकर सुरू केले. राष्ट्रीय स्पर्धाही रुंदावत गेली. १९८२ मध्ये १२ संघांची असलेली ही स्पर्धा २००१ पासून ६४ संघांची झाली. कॉन्फरन्सच्या विजेत्याला तिच्यात थेट प्रवेश मिळतो, पण एसीसीतील चांगल्या संघांना हंगामातील कामगिरीवरही निमंत्रण येतेच. लहान कॉन्फरन्समध्ये हीच स्पर्धा जगण्या-मरण्याची असते. एसीसीत ती मुख्यतः प्रतिष्ठेची आणि मानांकनाची आहे, आणि तरीही ती इतक्या ईर्ष्येने खेळली जाते, याचे श्रेय तिच्या इतिहासाला द्यावे लागते.

२००३ चा हंगाम नॉर्थ कॅरोलायनाने २७ पैकी २७ सामने जिंकून संपवला. पुढल्याच वर्षी व्हर्जिनियाने त्यांच्याकडून एसीसीचे विजेतेपद हिरावून घेतले आणि तेही पुन्हा शूटआउटवर. जी मालिका सुरू होण्याआधीचा धक्का पेनल्टीचा होता, तिचा शेवटही पेनल्टीनेच झाला. २००५ ते २००९ अशी पाच विजेतेपदे चॅपेल हिलने परत मिळवली खरी, पण जुनी निश्चिंती उरली नव्हती. २०१० मध्ये वेक फॉरेस्ट, २०११ मध्ये फ्लोरिडा स्टेट, २०१२ मध्ये व्हर्जिनिया अशी लागोपाठ तीन वर्षे विजेतेपदे तीन वेगवेगळ्या ठिकाणी गेली.

त्यानंतरचा काळ फ्लोरिडा स्टेटचा. टॅलाहासीच्या या संघाला प्रशिक्षक मार्क क्रिकोरियन यांनी २००५ पासून घडवले. चेंडू आपल्याकडे राखून, शांतपणे खेळ बांधत नेण्याची त्यांची शैली नॉर्थ कॅरोलायनाच्या अखंड दडपण आणणाऱ्या, खेळाडू सतत बदलत राहणाऱ्या धावपळीच्या शैलीच्या अगदी विरुद्ध होती, आणि या दोन विचारांची गाठ पडल्यामुळेच पुढचे अंतिम सामने पाहण्याजोगे झाले. २०११ ते २०२४ या चौदा स्पर्धांपैकी अकरा फ्लोरिडा स्टेटने जिंकल्या. २०१८ मध्ये एसीसीच्या अंतिम फेरीत नॉर्थ कॅरोलायनाला नमवल्यानंतर काही आठवड्यांनी राष्ट्रीय अंतिम सामन्यातही याच प्रतिस्पर्ध्याला त्यांनी १–० असे हरवले. तो सामना झाला कॅरी येथे, चॅपेल हिलपासून फार तर तासाभराच्या अंतरावर. एसीसीचे अनेक अंतिम सामनेही याच गावच्या मैदानावर झाले आहेत.

सभासद बदलले तशी स्पर्धेची रचनाही बदलत राहिली. २००४-०५ मध्ये मायामी, व्हर्जिनिया टेक आणि बॉस्टन कॉलेज आले, २०१३ मध्ये नॉत्र दाम, पिट्सबर्ग आणि सिरॅक्यूज आले, २०१४ मध्ये मेरीलँड हा संस्थापक सभासद बाहेर पडला आणि लुइव्हिल आले. सगळ्यांना खेळवणे अशक्य झाल्याने किती संघांना प्रवेश द्यायचा, हे वेळोवेळी नव्याने ठरवावे लागले. २०२४ मध्ये तर कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठे या ‘अटलांटिक’ किनाऱ्याच्या संघटनेत दाखल झाली. अमेरिकन फुटबॉलच्या दूरचित्रवाणी-करारांसाठी झालेल्या या फेरबदलाचा भार सॉकर खेळणाऱ्या विद्यार्थिनींना देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या प्रवासातून सोसावा लागतो, आणि मला ते योग्य वाटत नाही.

त्याच २०२४ च्या ऑगस्टमध्ये, हंगाम तोंडावर असताना डोरन्स निवृत्त झाले. एसीसीचे विजेतेपद फ्लोरिडा स्टेटने सलग पाचव्यांदा घेतले. राष्ट्रीय उपांत्य फेरीत मात्र पोहोचले ते नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक, वेक फॉरेस्ट आणि स्टॅनफर्ड. चारही संघ एसीसीचेच होते, आणि त्यांत एसीसीचा विजेता नव्हता.