शेअर फोल्डरमधला डेटा करप्ट का होतो?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले छोटे कारखाने असोत की वाशीच्या एपीएमसीतले गाळे, हिशेबाचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं फॉक्सप्रो नाहीतर क्लिपरमधलं असायचं. काही ठिकाणी ते आजही रोज चालतं. अशा ऑफिसात 'डेटा करप्ट झाला' म्हटलं, की बोट आधी एंट्री करणाऱ्याकडे जातं. तो बहुतेक वेळा अन्याय असतो.

फॉक्सप्रो आणि क्लिपर ज्या डेटाबेसच्या घराण्यातले, तो डीबेस जन्माला आला एका मशीनवर एकट्याने काम करण्यासाठी. १९८४-८५ मध्ये डॉस ३.० आणि ३.१ने फाईल शेअरिंग आणि लॉकिंगची सोय आणली, त्यानंतर डीबेस थ्री प्लस नेटवर्कवर चालू लागला. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रो बनवणारी फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी ॲक्सेस हा स्वतःचा डेटाबेसही बाजारात आणला. मूळ रचना मात्र सगळ्यांची तीच राहिली. सर्व्हर फाईल फक्त सांभाळतो. शोधणं, लिहिणं, इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची अनुक्रमणिका) बदलणं हे प्रत्येक नोड, म्हणजे नेटवर्कवरचं प्रत्येक मशीन, आपापलं करतो.

डीबेसचा डेटा ज्या डीबीएफ फाईलमध्ये असतो, तिच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, एकूण रेकॉर्ड किती, हा आकडा चार बाइटमध्ये असतो. नवं बिल टाकलं की रेकॉर्ड, हा आकडा, इंडेक्स आणि मेमो (लांब मजकुराची वेगळी फाईल) असं सगळं वेगवेगळं लिहिलं जातं. मधेच वीज गेली, तर एक लिहिलेलं, दुसरं राहिलेलं. इंडेक्स उडाला तर रीइंडेक्स मारून भागतं, हेडरही टूलने दुरुस्त होतो. मेमोतला मजकूर मात्र बॅकअप नसेल तर बहुधा गेलाच. त्या काळी केबलही को-ॲक्स होती: एखाद्या टेबलामागचा टी-कनेक्टर सैल झाला की अख्खी लाईन बंद, आणि त्या क्षणी कुणाचं तरी लिहिणं अर्धवट. नॉवेल नेटवेअर या त्या काळच्या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये अर्धवट व्यवहार मागे फिरवणारी टीटीएस ही सोय होती. तिची कदर फार कमी ठिकाणी झाली, याचं वाईट वाटतं.

विंडोज एनटीच्या काळात 'ऑपलॉक' सगळीकडे पोचला, आणि माझ्या मते सर्वात कमी समजलेलं कारण हेच आहे. फाईल तुम्ही एकट्यानेच उघडली असेल, तर सर्व्हर तुमच्या मशीनला सांगतो की बदल सध्या स्वतःजवळच ठेव. त्याने वेग वाढतो. दुसऱ्या कुणी तीच फाईल उघडली की सर्व्हर पहिल्या मशीनकडे साठवलेले बदल मागतो आणि ठरावीक वेळच थांबतो. नेटवर्क कार्ड किंवा हब खराब असेल, मशीन हँग झालं असेल, तर ते बदल पोचतच नाहीत. म्हणून जाणकार रजिस्ट्रीत जाऊन ऑपलॉक बंद करायचे. एसएमबी २ ही विंडोजच्या फाईल शेअरिंगची नवी पद्धत आल्यावर तो मार्ग संपला. पुढे विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीनंतर ॲक्सेसच्या फाईली बिघडू लागल्या, तेव्हा फाईल सर्व्हरवर लीजिंग (ऑपलॉकचंच नवं रूप) बंद करण्याचा तात्पुरता उपाय खुद्द मायक्रोसॉफ्टने दिला.

खरी सुटका एसक्यूएल सर्व्हर किंवा पोस्टग्रेसारख्या डेटाबेसमध्ये आहे. तिथे फाईलला हात लावतो तो फक्त सर्व्हरवरचा प्रोग्राम, आणि बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, उतरतो. वीज गेली तरी अर्धवट काम मागे घेता येतं. फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती येणार नाही, हे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्येच जाहीर केलं आणि जानेवारी २०१५ मध्ये सपोर्टही संपला.

ज्यांना लगेच बदलणं परवडत नाही, त्यांनी निदान प्रोग्राम रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवरच चालवावा, म्हणजे फाईल नेटवर्कवरून फिरत नाही. ते जमत नसेल तर वाय-फायवर एंट्री नको, लॅपटॉपचं स्लीप बंद, आणि यूपीएस नोडबरोबर स्विचलाही. डेटाचा फोल्डर गूगल ड्राइव्हसारख्या क्लाउडच्या सिंकमध्ये ठेवू नये. बॅकअप घ्यायचा तो सगळे प्रोग्राममधून बाहेर पडल्यावर, कारण उघड्या फाईलींची कॉपी अर्धवट असू शकते.