हुआन गाब्रिएल

हुआन गाब्रिएल : (७ जानेवारी १९५० – २८ ऑगस्ट २०१६). मेक्सिकोचे अफाट लोकप्रिय गायक, गीतकार व संगीतकार. मूळ नाव आल्बेर्तो आगिलेरा बालादेस. चाहते त्यांना लाडाने ‘हुआंगा’ म्हणत. वृत्तपत्रांनी ‘एल दिवो दे हुआरेस’ (हुआरेस शहराचा महागायक) ही पदवी बहाल केली होती. वाद्यवृंदाच्या साथीने गायले जाणारे संथ प्रेमगीत, म्हणजे ‘बलादा’, हा त्यांचा मुख्य प्रांत. पण मारियाची, म्हणजे व्हायोलिन, गिटार व ट्रम्पेट वाजवणाऱ्या मेक्सिकन लोकवादकांच्या, ताफ्याबरोबर गायल्या जाणाऱ्या ‘रांचेरा’ या अस्सल मेक्सिकन गीतप्रकारातही ते तितक्याच सहजपणे वावरले, आणि या दोन प्रकारांचे श्रोते त्यांच्यामुळे एकमेकांत मिसळले.

मिचोआकान राज्यातील पाराक्वारो या गावी एका गरीब शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते तान्हे असतानाच वडिलांचे मानसिक संतुलन बिघडले व त्यांची रवानगी मनोरुग्णालयात झाली. आई व्हिक्टोरिया मुलांना घेऊन अमेरिकेच्या सीमेवरील सिउदाद हुआरेस येथे आली आणि लोकांकडे घरकाम करू लागली. पाच वर्षांच्या आल्बेर्तोला तिने एका सुधारगृहवजा वसतिशाळेत ठेवले. तेथे हुआन कोंत्रेरास नावाच्या शिक्षकांनी त्याला पत्र्याचे काम शिकवले आणि संगीतही. पुढे टोपणनाव घेताना पहिला शब्द या गुरूचा आणि दुसरा वडिलांचा (गाब्रिएल) घेतला गेला. त्यापूर्वी मात्र ‘आदान लूना’ या नावाने हा मुलगा हुआरेसच्या ‘नोआ नोआ’ या बारमध्ये गात असे. त्या बारवर त्यांनी नंतर गाणेही रचले, त्यामुळे ती साधीशी जागा साऱ्या देशाला ठाऊक झाली.

नशीब आजमावायला ते मेक्सिको सिटीला गेले, तर तेथे चोरीचा आळ येऊन सुमारे दीड वर्ष लेकुम्बेर्रीच्या कुप्रसिद्ध तुरुंगात काढावे लागले. ‘ला प्रिएता लिंदा’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या गायिका एन्रिकेता हिमेनेस यांनी त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली व आरसीए या ध्वनिमुद्रण कंपनीचे दारही उघडून दिले. १९७१ मध्ये ‘नो तेंगो दिनेरो’ हे गाणे आले. माझ्याकडे पैसा नाही, देण्यासारखे काही नाही, आहे ते फक्त प्रेम, एवढाच त्याचा मजकूर. गाणे तुफान चालले.

या पहिल्याच गाण्यात त्यांच्या लेखनाची सगळी कळ सापडते. प्रतिमा, अलंकार, कवितेची भाषा त्यांच्याकडे जवळजवळ नाहीच. भांडणानंतर किंवा निरोपाच्या वेळी माणूस जे खरोखर बोलतो तेच, पुन्हा पुन्हा तेच, सुरात येते. ‘केरीदा’ (१९८४) या गाण्यात तर ‘लाडके’ अशी एकच हाक वेगवेगळ्या स्वरांवर येत राहते आणि दर खेपेस तिच्यातील अजिजी वाढत जाते. ‘आस्ता के ते कोनोसी’ (१९८६) याची रचना अधिक धीट आहे. दुःख म्हणजे काय ते मला माहीतच नव्हते, असे सांगत गाणे हळू आवाजात सुरू होते. तू भेटलीस आणि ते कळले, या ओळीनंतर लय उसळते आणि रंगमंचावर ते कितीही लांबवता येई. टीकाकारांना ही शब्दकळा बाळबोध वाटे. ते म्हणणे खोटे नाही, पण या ओळी लोकांच्या तोंडी का बसल्या याचे उत्तरही त्यातच आहे.

१९७४ मध्ये त्यांनी मारियाची बार्गास दे तेकालित्लान या नामांकित ताफ्याबरोबर पहिली रांचेरा तबकडी काढली. त्याच वर्षाच्या अखेरीस आई वारली. ‘आमोर एतेर्नो’ (शाश्वत प्रेम) हे शोकगीत सामान्यतः तिच्या मृत्यूशी जोडले जाते. ते गाजवले मात्र स्पॅनिश गायिका रोसिओ दुर्काल यांनी, १९८४ मध्ये. माद्रिदची ही अभिनेत्री-गायिका १९७७ पासून मारियाचीच्या साथीने त्यांची गाणी गात होती आणि मेक्सिकन श्रोत्यांनी तिला आपलीच मानले होते. पुढे दोघांत बेबनाव झाला. १९९७ मध्ये दोघांची एकत्र तबकडी आली, तरी जुना जिव्हाळा परतला नाही. स्पॅनिश गायिका इसाबेल पांतोहा यांचे ‘आसी फ्वे’ आणि अमेरिकन गायक मार्क अँथनी यांनी साल्सा या लॅटिन नृत्यसंगीताच्या चालीवर गायलेले ‘आस्ता के ते कोनोसी’ पाहिले म्हणजे त्यांची रचना दुसऱ्याच्या गळ्यातही किती टिकते ते कळते. सुमारे १,८०० गाणी रचल्याचा आकडा सर्रास दिला जातो.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेला प्रसंग मे १९९० मधील. राजधानीतील ‘पालासिओ दे बेयास आर्तेस’ हे संगमरवरी सभागृह म्हणजे ऑपेरा, बॅले व सिंफनीचे माहेरघर. जत्रांमध्ये कोंबड्यांच्या झुंजींसाठी बांधलेल्या गोल रिंगणांत गाणारा, चमकीचे कपडे घालणारा, कंबर लचकवत नाचणारा माणूस तेथे राष्ट्रीय सिंफनी वाद्यवृंदाबरोबर गाणार, हे कळताच अभिजनांत मोठा गहजब झाला. कार्यक्रम झाले. एन्रिके पात्रोन दे रुएदा यांनी वाद्यवृंदाचे संचालन केले, शिवाय मारियाचीही होतेच, आणि या मैफलीचे ध्वनिमुद्रण त्यांच्या सर्वांत लोकप्रिय तबकड्यांपैकी एक ठरले. विरोध केवळ संगीताच्या दर्जावरून होता असे मानणे भाबडेपणाचे होईल. चार्रोचा, म्हणजे मेक्सिकन घोडेस्वाराचा, पोशाख ही तेथे मर्दानगीची निशाणी. तो अंगावर चढवून ते नाजूक हावभाव करीत, आणि मर्दपणाचा ताठा मिरवणारा समाज त्यांना डोक्यावर घेई. २००२ मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत त्यांना समलिंगी असल्याबद्दल थेट विचारण्यात आले. ‘जे दिसते ते विचारायचे नसते’ हे त्यांचे उत्तर आज मेक्सिकोत म्हणीसारखे वापरले जाते.

बेयास आर्तेसचा हा विजय एका विचित्र काळात झाला. आपल्याच गाण्यांच्या हक्कांवरून ध्वनिमुद्रण कंपनीशी वाद असल्याने १९८६ ते १९९४ या काळात त्यांनी नव्या गाण्यांची एकही स्टुडिओ तबकडी काढली नाही. ऐन भरातली ही वर्षे त्यांनी मैफलींवर काढली. हक्कांचा प्रश्न मिटल्यावर आलेल्या तबकडीचे नाव होते ‘ग्रासियास पोर एस्पेरार’, म्हणजे वाट पाहिल्याबद्दल आभार. मधल्या काळात हुआरेसमध्ये त्यांनी ‘सेमहासे’ ही मुलांसाठीची संस्था सुरू केली; तेथे संगीतही शिकवले जाई.

२६ ऑगस्ट २०१६ रोजी कॅलिफोर्नियातील इंगलवूड येथे त्यांची मैफल झाली आणि दोन दिवसांनी सांता मोनिका येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनावरील दूरचित्रवाणी मालिकेचा शेवटचा भाग मेक्सिकोत नेमका त्याच दिवशी प्रक्षेपित झाला. त्यांच्या चमकीच्या कपड्यांची हेटाळणी करणारा स्तंभ त्या आठवड्यातच लिहिल्यामुळे राष्ट्रीय विद्यापीठाच्या वाहिनीच्या संचालकाला राजीनामा द्यावा लागला. सप्टेंबरमध्ये अस्थिकलश बेयास आर्तेसमध्ये ठेवण्यात आला, तेव्हा दर्शनाची रांग रात्रभर हलत राहिली. लाखो लोक येऊन गेले. ‘आमोर एतेर्नो’ आज मेक्सिकन अंत्यविधींत आणि मातृदिनी गायले जाते. २०१९ मध्ये हुआरेसला लागून असलेल्या अमेरिकेतील एल पासो शहरातील गोळीबारानंतरच्या शोकसभांतही मारियाचींनी तेच वाजवले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत या गाण्याचा समावेश केला, तो १९९० च्या मुद्रणाचा.